उत्तर मिळण्याआधीचा गोंधळ

शाळेत नवीन तंत्रज्ञान आणायचं ठरलं की जागेचा प्रश्न येतो आणि जागेचा प्रश्न आला की सगळ्यांच्या नजरा लायब्ररीकडे वळतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही, त्रास मात्र दर वेळी होतो. कम्प्युटर लॅब मोठी करायचीय, रोबोटिक्सला खोली हवीय, टॅब चार्जिंगला लावून ठेवायला जागा हवीय, मग ती पुस्तकांची खोली आहेच की, तसंही आता पुस्तकं काढून कोण बघतंय, सगळं नेटवर मिळतं. असं बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना मुलांचं भलंच हवं असतं. फक्त त्यांच्या डोक्यात लायब्ररी म्हणजे माहिती साठवायची जागा, एवढंच चित्र असतं. मग माहिती खिशातल्या फोनमध्ये आल्यावर ती साठवायला वेगळी खोली कशाला हवी, हा हिशोब त्यांना अगदी सरळ वाटतो.

२००९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका शाळेने हा हिशोब शेवटापर्यंत नेला. जवळपास २०,००० पुस्तकांचा संग्रह काढून टाकायचा आणि त्या जागी ई-रीडर, मोठे स्क्रीन, बसायला ऐसपैस जागा करायची असं ठरवलं, त्याची तेव्हा जगभर चर्चा झाली. मला त्या निर्णयापेक्षा त्यामागचं गृहीतक जास्त खटकतं. मुलाला प्रश्न पडतो, मग त्याला उत्तर मिळतं, आणि या दोन्हींच्या मधे जे काही आहे ते म्हणजे नुसता उशीर, तो जितका कमी तितकं चांगलं, असं ते गृहीतक. मी विज्ञान शिकवते, माझं अर्धं काम मुलांच्या प्रोजेक्टभोवती फिरतं, आणि माझं ठाम मत असं झालंय की शिकणं त्या मधल्या भागातच होतं. शाळेच्या लायब्ररीचं आजचं काम काय, असं कोणी विचारलं तर मी सांगेन की तो मधला भाग सांभाळायचं.

हे मी मनानेच सांगत नाहीये. कॅरल कुल्थाऊ नावाच्या एक अमेरिकन बाई आहेत, त्या आधी शाळेत ग्रंथपाल होत्या आणि नंतर विद्यापीठात संशोधन करायला लागल्या. १९८० च्या दशकात त्यांनी मोठ्या वर्गातल्या मुलांचा पाठपुरावा केला, म्हणजे निबंधाचा विषय मिळाल्यापासून तो लिहून होईपर्यंत मुलं काय करतात, काय विचार करतात आणि त्यांना वाटतं काय, हे सगळं नोंदवलं. त्यातून त्यांनी शोधाच्या सहा पायऱ्या मांडल्या. सुरुवातीला काम मिळतं तेव्हा मूल जरा बावरलेलं असतं, मग विषय निवडला की हुरूप येतो, आणि त्यानंतर जी तिसरी पायरी येते, इकडचं तिकडचं वाचून बघायची, तिथे तो हुरूप उतरतो. माहिती एकमेकींशी जुळत नाही, शंका वाढतात, चिडचिड होते, आपल्याला हे जमणारच नाही असं वाटायला लागतं. आणि त्याच गोंधळातून पुढे चौथी पायरी येते, जिथे मुलाला स्वतःचा मुद्दा सापडतो. मग पाचवीत त्या मुद्द्यापुरतं साहित्य गोळा करायचं आणि सहावीत लिहायचं. म्हणजे जास्त वाचल्यावर मूल काही काळ जास्त गोंधळतं, आणि तसंच व्हायला हवं असतं. वर्गात आपण हे मुलांना कधी सांगतच नाही. त्यांना वाटतं गोंधळ झाला म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, बाकी सगळ्यांना कळलंय आणि आपल्यालाच कळत नाहीये.

आता या सहा पायऱ्या आजच्या मुलाच्या हातातल्या टॅबवर ठेवून बघा. काम मिळालं, विषय टाइप केला, आणि एका दमात सहावी पायरी, छान परिच्छेद, मुद्देसूद, शेवटी निष्कर्षसुद्धा. तिसरी आणि चौथी पायरी तिथे उरतच नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते कारण ते मी शेजारी बसून बघितलंय. सातवीतल्या एका मुलीने प्राण्यांची झोप हा विषय घेतला होता आणि त्यातही व्हेल, कारण पाण्यात राहून हवेत श्वास घेणारा प्राणी झोपतो कसा हा तिचा प्रश्न होता, आणि प्रश्न खरंच सुंदर आहे. टॅबवर तिला लगेच उत्तर मिळालं, व्हेल एका वेळी अर्ध्याच मेंदूने झोपतात, दुसरा अर्धा जागा राहतो म्हणून श्वास चालू राहतो. तिने ते वहीत उतरवलं, खाली रेघ मारली, आणि पेन्सिल ठेवून दिली. काम झालं होतं. लायब्ररीच्या मॅडम तिथून जाताना थांबल्या आणि त्यांनी फक्त एवढं विचारलं, "हे कुठल्या व्हेलबद्दल आहे गं?"

"म्हणजे? सगळ्याच व्हेल."

मॅडमनी समुद्री प्राण्यांवरचं एक जाडजूड संदर्भ पुस्तक आणून तिच्यासमोर ठेवलं आणि मागची सूची उघडायला सांगितली. सूचीत व्हेल या शब्दाखाली एवढी मोठी यादी, निळा, स्पर्म, हम्पबॅक, अजून कुठले कुठले, आणि प्रत्येकासमोर वेगळे पानांचे आकडे. नुसती ती यादी बघूनच मुलीचा चेहरा बदलला, कारण एकाच उत्तरात बसवलेली वस्तू तिथे दहा-बारा तुकड्यांत पसरलेली होती. मग तिने स्पर्म व्हेलचं पान काढलं आणि तिथे तो फोटो होता. निळ्या पाण्यात पाच-सहा प्रचंड देह, उभेच्या उभे, डोकं वर शेपटी खाली, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, जराही हालचाल नाही असे तरंगताना. ती एकदम म्हणाली, "मॅडम, हे मेलेत का?"

मेलेले नव्हते, झोपलेले होते. मग दोघी टॅब घेऊन बसल्या आणि मीही खुर्ची ओढली. शोधता शोधता २००८ मधला एक अभ्यास सापडला. स्पर्म व्हेलच्या अंगावर चिकटणारी छोटी यंत्रं लावून त्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, आणि त्यातून दिसलं की हे प्राणी आपल्या वेळेतला जेमतेम ७ टक्के वेळ असे उभे तरंगत काढतात. त्याच अभ्यासात चिलीच्या किनाऱ्याजवळचा एक प्रसंग आहे, संशोधकांची बोट इंजिन बंद ठेवून वाहत वाहत अशा झोपलेल्या व्हेलच्या कळपात जाऊन पोचली आणि बोटीचा धक्का लागेपर्यंत एकानेही दखल घेतली नाही. जर अर्धा मेंदू जागा असता तर एवढी मोठी बोट कळली नसती का? म्हणून त्या संशोधकांना वाटलं की स्पर्म व्हेल कदाचित पूर्ण मेंदूने झोपत असेल. आणि अर्ध्या मेंदूची झोप मोजली कशावर, तर मुख्यतः डॉल्फिनसारख्या लहान प्राण्यांवर, माणसांनी टाकीत पाळलेल्या, कारण डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी तिथेच मोजता येतात. खोल समुद्रातल्या त्या अवाढव्य जनावराच्या डोक्याला तारा कोण लावणार.

मुलगी वैतागली. तिला खरंच राग आला होता. "मग बरोबर कुठलं?" असं तिने दोनदा विचारलं, आणि मॅडमनी उत्तर दिलं नाही, म्हणाल्या, "तुला काय वाटतं, आणि ते कशावरून वाटतं?" ती बराच वेळ पान उलटसुलट करत बसली. मला तिच्या कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या आणि मला वर्गातली सवय असल्यामुळे मधे पडून सांगून टाकावंसं वाटत होतं, मॅडम मात्र शांतपणे बाजूच्या रॅकवर पुस्तकं लावत राहिल्या. शेवटी तिने वहीतली ती रेघ खोडली आणि नवीन ओळ लिहिली, डॉल्फिनबद्दल जे माहीत आहे ते सगळ्या व्हेलना लागू होतं का? हा झाला प्रोजेक्ट. आधीचं होतं ते उत्तर होतं, नुसतं उतरवलेलं.

या सगळ्यात तंत्रज्ञान वाईट ठरलं का? अजिबात नाही. तो अभ्यास टॅबवरच सापडला. पुस्तकाने शंका निर्माण केली, टॅबने ती पुढे नेली, आणि दोन्हीच्या मधे एक माणूस होतं ज्याने योग्य जागी एक साधा प्रश्न विचारला. या तिघांपैकी शाळा खरेदीच्या वेळी टॅबचा विचार करते, पुस्तकांचा थोडा करते, आणि माणसाचा बहुतेक वेळा करतच नाही.

त्या माणसाचं काम नेमकं काय असतं यावर अमेरिकन ग्रंथालयशास्त्रज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये एक लेख लिहिला होता, ग्रंथपालांच्या जगात तो अजून वाचला जातो. त्यांचं म्हणणं असं की माणूस काउंटरवर येऊन जो प्रश्न विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतोच. आधी पोटात नुसती एक अस्वस्थता असते, मग ती मनात धूसर शब्द घेते, मग नीट प्रश्नाचं रूप येतं, आणि शेवटी समोरच्या व्यवस्थेला काय समजेल याचा अंदाज घेऊन माणूस तो प्रश्न कापून छाटून विचारतो. चांगला ग्रंथपाल हा जिना उलटा उतरतो, छाटलेल्या प्रश्नापासून मूळ अस्वस्थतेपर्यंत. सर्च बॉक्सला हा जिना माहीत नाही, त्याला जे टाइप केलं ते मिळालं, तो त्याचंच उत्तर देणार. नवीन चॅटबॉट उलट प्रश्न विचारू शकतात हे खरं आहे, पण सातवीतलं मूल त्यांना असं कशाला सांगेल की मला उत्तर नको, आधी माझा प्रश्न काय आहे ते शोधायला मदत कर? हे सुचायला सुद्धा आधी कोणीतरी आपल्याबरोबर तसं वागलेलं असावं लागतं.

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर लायब्ररीच्या काउंटरवर एक नवीनच प्रकार सुरू झाला, लोक अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लेख मागायला लागले. यंत्राने नाव दिलेलं असतं, लेखकाचं नाव खरं, प्रकाशन वर्ष पटण्यासारखं, आणि पुस्तक जगात कुठेच नाही. २०२५ च्या मे महिन्यात तर अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने सुट्टीत वाचायच्या १५ पुस्तकांची यादी छापली आणि त्यातली १० पुस्तकं कोणी कधी लिहिलेलीच नव्हती, यादी एआयकडून करून घेतली होती आणि छापण्याआधी कोणी पडताळून बघितली नाही. मोठ्या माणसांच्या, पगारी संपादकांच्या जगात हे होतं तर दहावीतल्या मुलाच्या प्रोजेक्टच्या संदर्भसूचीत काय काय असेल विचार करा. आणि इथे लायब्ररीचं ते जुनं, कंटाळवाणं वाटणारं दाखल रजिस्टर एकदम कामाचं ठरतं, कारण त्यात ज्या पुस्तकाला नंबर पडलाय ते कोणीतरी हातात धरून, उघडून, शिक्का मारून आत घेतलेलं असतं. मला वाटतं प्रत्येक मुलाने एकदा तरी एआयने दिलेली संदर्भांची यादी घेऊन लायब्ररीत यावं आणि त्यातलं प्रत्येक नाव कॅटलॉगमध्ये शोधून बघावं. एका तासात जे कळेल ते दहा भाषणांनी कळणार नाही.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल आपला एक मोठा गैरसमज आहे, ही पोरं फोन हातात घेऊनच वाढलीत म्हणजे त्यांना नेटवरचं सगळं समजतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये हजारो विद्यार्थ्यांकडून छोटी छोटी कामं करून घेतली, त्यात एका वेबसाइटचं पान दाखवून बातमी कुठली आणि जाहिरात कुठली हे विचारलं होतं. एका मजकुरावर तो प्रायोजित आहे असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि तरी माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी त्याला बातमी म्हटलं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्या २०१८ च्या फेरीतही सदस्य देशांत सरासरी ४७ टक्केच विद्यार्थ्यांना वस्तुस्थिती आणि मत यातला फरक ओळखता आला. म्हणजे बोटं वेगाने चालतात याचा अर्थ वाचता येतं असा होत नाही.

पण त्याच स्टॅनफर्डच्या मंडळींचं पुढचं काम मला जास्त आवडतं कारण त्यात मार्ग दिसतो. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक लोक यांना सारख्याच अनोळखी वेबसाइट दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी त्या पानावरच बसून राहिले, वरपासून खालपर्यंत वाचत, लोगो बघत, पत्ता बघत, आणि बरेचसे फसले. तपासणाऱ्यांनी पानावर जेमतेम नजर टाकली आणि लगेच बाजूला नवीन टॅब उघडून या संस्थेबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते शोधलं. ते लवकर आणि बरोबर निष्कर्षाला आले. आपण शाळेत मुलांना नेमकं उलटं शिकवतो, दिलेला उतारा काळजीपूर्वक पूर्ण वाचा आणि त्यातूनच उत्तर द्या. पाठ्यपुस्तकासाठी ते ठीक आहे, पण नेटवर आधी उताऱ्याच्या बाहेर जावं लागतं, कोण सांगतंय ते बघावं लागतं, मग वाचायचं की नाही ठरवायचं. लायब्ररीत वाढलेल्या मुलाला ही सवय पुस्तकांमधून आपोआप लागते, मुखपृष्ठाच्या आतलं पान उलटून प्रकाशक कोण, साल कुठलं, याच विषयावरचं शेजारचं पुस्तक वेगळं काय सांगतंय. एकाच रॅकवर एकाच विषयाची चार पुस्तकं शेजारी शेजारी असतात, याचा किती फायदा होतो ते लगेच लक्षात येत नाही. एक घ्यायला गेलं की दुसरं हाताला लागतं आणि दोघांचं पटत नाही.

कागद की स्क्रीन या भांडणात मला फार पडायचं नाही कारण त्यात दोन्ही बाजूंनी भावनाच जास्त असतात. तरी एक गोष्ट सांगायला हवी. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं, त्यात १,७०,००० हून जास्त वाचक होते, आणि दिसलं असं की माहितीपर मजकूर कागदावर वाचलेला जास्त चांगला समजतो, वेळेचं बंधन असेल तर हा फरक अजून वाढतो, गोष्टी वाचताना मात्र फरक पडत नाही. आणि वाईट म्हणजे वर्षं गेली तसा हा फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, म्हणजे सवयीने सुटेल अशी जी आशा होती ती तिथे दिसली नाही. आता आपण काय करतो, तर गोष्टींची पुस्तकं कागदावर ठेवतो आणि माहितीची सगळी स्क्रीनवर नेतो. करायचं असेल तर उलटं करायला हवं खरं तर.

तंत्रज्ञान लायब्ररीत यायलाच हवं, माझा त्याला विरोध नाही, उलट ते तिथे आलं तर सगळ्यात जास्त माणसाळतं असं मला वाटतं. ज्या मुलाला दिसत नाही किंवा ज्याला अक्षरं जुळवताना फार त्रास होतो, त्याच्यासाठी ऑडिओ पुस्तक म्हणजे वाचनाचं दारच उघडण्यासारखं आहे. अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करायला आणि देशादेशांत पाठवायला कॉपीराइटची अडचण येऊ नये म्हणून २०१३ मध्ये माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला. एक मुलगा मला माहीत आहे जो वर्षानुवर्षं लायब्ररीच्या तासाला खिडकीपाशी नुसता बसायचा, त्याला हेडफोन लावून आवाजातलं पुस्तक आणि समोर तेच छापील पुस्तक असं दोन्ही दिलं तेव्हा तो बोट ठेवून ठेवून ऐकत ऐकत वाचायला लागला आणि तास संपल्यावर उठायला तयार नव्हता. हे यंत्राशिवाय झालं नसतं. पण ते यंत्र त्याच्यासमोर कोणी ठेवायचं, कुठलं पुस्तक लावायचं, हे त्याला ओळखणाऱ्या माणसाने ठरवलं.

खासगीपणाचा मुद्दा तर शाळांमध्ये जवळजवळ निघतच नाही. ग्रंथपालांच्या व्यवसायात जुना दंडक आहे, कोण काय वाचतंय हे दुसऱ्याला सांगायचं नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९३९ मध्येच तो आपल्या आचारसंहितेत घेतला. वयात येणारं मूल शरीराबद्दल, भीतीबद्दल, घरातल्या एखाद्या आजाराबद्दल पुस्तक शोधत असतं आणि ते कोणाच्या नजरेत न येता त्याला वाचता येणं हा त्याचा हक्क आहे. आणि शिकायची ॲप काय करतात? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांमधली, महामारीच्या काळात सरकारांनी सुचवलेली दीडशेहून जास्त शैक्षणिक उत्पादनं तपासली, त्यातली ८९ टक्के मुलांची माहिती अशा पद्धतीने हाताळत होती की त्यांच्या हक्कांना धोका होता. बरीचशी माहिती जाहिरातवाल्यांपर्यंत जात होती. मूल काय शोधतं, कुठे अडकतं, किती वाजता लॉगिन करतं. रॅकवरून पुस्तक काढून कोपऱ्यात बसून वाचणाऱ्या मुलाची अशी नोंद कुठेही होत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

टिकण्याबद्दल थोडक्यात. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं तेव्हा २०१३ मधल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं आता उघडतच नाहीत असं निघालं. मी स्वतः वर्कशीटमध्ये दिलेल्या लिंक पुढच्या वर्षी मेलेल्या असतात. ई-पुस्तकांचं अजून वेगळं, तिथे शाळा बऱ्याचदा पुस्तक विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेते आणि मुदत संपली की पुस्तक गायब. २०११ साली एका मोठ्या प्रकाशकाने तर २६ वेळा इश्यू झालं की ई-पुस्तक बंद असा नियम लायब्रऱ्यांना लावला होता. कागदी पुस्तकाला सत्ताविसावं मूल आलं तर फार तर बाइंडिंग करून घ्यावं लागतं.

आता पुन्हा माणसाकडे येते कारण सगळं तिथेच अडतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १९९० च्या दशकापासून अभ्यास झाले, जिथे प्रशिक्षित ग्रंथपाल असलेली चांगली लायब्ररी होती तिथल्या मुलांचे वाचनातले गुण जास्त दिसले, घरची गरिबी-श्रीमंती हिशोबात धरूनसुद्धा. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, दोन गोष्टी बरोबर दिसतात एवढंच सांगतात, आणि मी तेवढंच म्हणेन. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) यांच्या १९९९ च्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यातही लिहिलंय की शिक्षक आणि ग्रंथपाल मिळून काम करतात तेव्हा मुलांचं वाचन, शिकणं, प्रश्न सोडवणं आणि तंत्रज्ञानाची कौशल्यं हे सगळं वाढतं. तंत्रज्ञानसुद्धा, आणि हे तेव्हा लिहिलंय जेव्हा गुगल जेमतेम एक वर्षाचं होतं. स्वीडनने शाळांमध्ये डिजिटल साधनं भरपूर आणली, मग २०२३ पासून छापील पुस्तकांकडे पुन्हा वळायला सुरुवात केली, आणि २०२५ च्या जुलैपासून तिथल्या कायद्यात शाळेच्या लायब्ररीत माणूस नेमलेलं असायला हवं असं आलं. नुसती पुस्तकं परत आणून भागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, याचा मला आनंद वाटतो.

कारण कुलूप लावलेली लायब्ररी आणि रिकामी लायब्ररी यात मुलाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. आणि ज्या लायब्ररीत ग्रंथपालांना बदली तासाला वर्गावर पाठवतात, परीक्षेचे पेपर मोजायला बसवतात, टॅबची चार्जर सांभाळायला देतात, तिथे तो व्हेलचा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही.

आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे नियम कसे नेमके आणि छोटे आहेत. या चौथ्या नियमाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की मग एआयने एका मिनिटात उत्तर दिलं तर वेळ वाचलाच की. मी यावर खूप विचार केलाय. पुस्तक सापडत नाही, चुकीच्या रॅकवर लागलंय, सूची नाहीये, वेबसाइट उघडत नाही, यात जाणारा वेळ वाया जातो आणि तो वाचवायलाच हवा, त्यासाठी जितकं तंत्रज्ञान मिळेल तितकं घ्यावं. पण दोन गोष्टी जुळत नाहीत म्हणून मूल पेन्सिल चावत बसतं तो वेळ वाया गेलेला नसतो. शोधाशोधीतला वेळ वाचवला की तो इथे खर्च करता येतो, खरं तर त्यासाठीच वाचवायचा असतो. आपण शोधाशोध आणि विचार दोन्हींचा वेळ एकाच खात्यात धरतो आणि दोन्ही एकदमच कापून टाकतो, माझी तक्रार एवढीच आहे.

आम्ही आता प्रोजेक्टचा कागद थोडा बदललाय. विषय दिल्यावर पहिले दोन तास लायब्ररीत, तिथे टॅब वापरायला पूर्ण परवानगी, एआयलाही विचारा, पण त्या दोन तासांत उत्तर लिहायचं नाही. कागदावर तीनच गोष्टी मागितल्यात, आधी मला काय वाटत होतं, कुठल्या दोन ठिकाणी वेगवेगळं सापडलं, आणि आता माझा प्रश्न काय आहे. लायब्ररीच्या मॅडम आणि मी दोघी मिळून तो कागद बघतो आणि मगच मूल पुढे जातं. काही मुलं पहिल्यांदा चिडतात, काही पालक विचारायला येतात की नेटवर सगळं असताना हे कशाला, त्यांना आम्ही मुलांचेच कागद दाखवतो. अडचण एकच उरलीय, मार्क. तयार प्रोजेक्टला मार्क देणं सोपं आहे, पण ज्या मुलाने दोन आठवडे प्रामाणिकपणे शोधलं आणि शेवटी लिहिलं की हे अजून नक्की कोणालाच माहीत नाही, त्याला दहापैकी किती द्यायचे यावर आमचं दोघींचं अजून एकमत होत नाही. मॅडम म्हणतात दहापैकी दहा. मी म्हणते, कोणालाच माहीत नाही हे त्याला कशावरून कळलं ते आधी बघू, तो कुठे कुठे जाऊन आला ते बघू, मग देऊ.